डिग्रीच्या आधीच मेडिकलची सीट? अमेरिकेतलं गणित

आजचा एपिसोड सुचला आतेबहिणीच्या फोनमुळे. ती न्यू जर्सीत वाढली, तिथेच कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विचारत होती, "दादा, मेडिकलला आत्ताच अप्लाय करू, की डिग्री झाल्यावर?" आमच्या आजीचं मत ठरलेलं: "आधी पदवी तर घे!"

आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही. बारावी, नीट, की थेट एमबीबीएस. अमेरिकेत मात्र बहुतेक जण आधी चार वर्षांची डिग्री करतात आणि मग चार वर्षांचं मेडिकल.

गोंधळ या 'मग'मध्ये आहे. डिग्रीनंतर सुरू होतं ते कॉलेज; अर्ज त्याच्या वर्षभर आधी जातो. समजा, वर्ग ऑगस्ट 2027 मध्ये भरणार. तर अर्ज साधारण मे-जून 2026 मध्ये, आणि एमसीएटी परीक्षा शक्यतो त्याआधीच. पुढे निबंध, इंटरव्ह्यू. एमडीच्या बहुतेक ऑफर्स ऑक्टोबरच्या मध्यापासून यायला लागतात, त्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे पत्र येतं तेव्हा पोरगी अजून शेवटच्या वर्षाच्या असाइनमेंट्स करत असते!

इंजिनीअरिंगवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? आपलं कॅम्पस प्लेसमेंट! ऑफर सातव्या सेमला, जॉइनिंग डिग्रीनंतर. आणि बारीक अक्षरातली अटही तीच. राहिलेले विषय आणि डिग्री पूर्ण झाली नाही, तर मिळालेली सीटही जाऊ शकते. त्यामुळे पत्र आलं म्हणून अभ्यास सोडायचा नाही.

पण खरी मेख वेगळीच आहे. तिसऱ्या वर्षानंतर अर्ज केला, तर त्यात तीनच वर्षांचे मार्क दिसतात. ते कमी असतील, किंवा हॉस्पिटलमधला अनुभव तोकडा असेल, तर घाई महागात पडते. प्रत्येक कॉलेजची फी वेगळी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केलात तर "आधी अप्लाय केलं होतं का?" हेही अनेक कॉलेजं विचारतात. थांबलात तर शेवटच्या वर्षाचे मार्कही जमेस धरले जातात. म्हणूनच कित्येक जण मुद्दाम एखादं वर्ष घेतात आणि त्यात लॅबमध्ये किंवा क्लिनिकमध्ये काम करतात. ते वर्ष 'वाया' जात नाही.

मी बहिणीला एवढंच म्हटलं, "तयारी झाली असेल तर जूनमध्ये भर. नसेल तर एक वर्ष थांब." आजी पलीकडून म्हणाली, "मी काय वेगळं सांगत होते?"

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!