टॅफेटाचा ताठा

२७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानातून हायड्रोजनचा पहिला मोठा फुगा आकाशात गेला. जाक शार्ल या शास्त्रज्ञाच्या त्या फुग्याचं कापड होतं रेशमी टॅफेटा. रोबेर बंधूंनी टर्पेंटाइनमध्ये रबर विरघळवून त्याचा लेप त्यावर चढवला होता. हायड्रोजन जरा फट मिळाली की निसटतो, म्हणून लेपाखाली वजनाला हलकं आणि विणीला गच्च असं काहीतरी हवं होतं. फुगा गोनेस गावाजवळ उतरला, तेव्हा भेदरलेल्या गावकऱ्यांनी त्याच्या चिंध्या केल्या.

मेजवानीच्या झग्यांसाठी गाजलेलं हे कापड इतकं कामाचं कसं? वीण तर सगळ्यांत साधी, एक धागा वर, एक खाली. सॅटिनमध्ये धागे चार-सहा धाग्यांवरून मोकळे जातात, म्हणून ते मऊ पडतं. टॅफेटात पीळ दिलेला बारीक धागा प्रत्येक वळणावर अडकतो. त्यातूनच ताठपणा येतो. घेर फुगवला की तो फुगलेलाच राहतो. धागा आधी रंगवून विणला तर कापड अधिक कडक होतं. विणून मग रंगवलेलं नरम असतं आणि बहुधा अस्तराला जातं.

ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की कापड हलताना रंग पालटतो. पैठणीतली धूपछाव याच युक्तीची, त्यामुळे मराठी डोळ्याला हे सौंदर्य नवं नाही. चालताना ऐकू येणारी सळसळ मात्र नुसत्या विणीची नाही. रेशमावरचा नैसर्गिक डिंक काढल्यावर त्याला सौम्य आम्लाचं पाणी दिलं की ती खुलते.

डिंक गेला की रेशमाचं वजन जवळपास चौथाईने घटतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखानदारांनी ही तूट कथलाच्या क्षारांनी भरून काढली. कापड जड आणि भारदस्त दिसू लागलं, पण आतून ठिसूळ झालं. त्या काळचे कितीतरी झगे आज संग्रहालयांत आपोआप चिरत आहेत, आणि हे नुकसान उलटवता येत नाही. विकताना वजन वाढवण्याच्या या हव्यासाने एका सुंदर कापडाचा मोठा वारसा गमावला, असं मला वाटतं.

निखळ रेशमी टॅफेटाही चुरगळतोच. २९ जुलै १९८१ रोजी ब्रिटनच्या युवराजांशी लग्न करायला डायना घोडागाडीतून उतरल्या, तेव्हा त्यांच्या हस्तिदंती टॅफेटाच्या पोशाखावरच्या सुरकुत्या दूरचित्रवाणीवर जगाने पाहिल्या. मागचा घोळ २५ फुटांचा होता आणि गाडीत जागा कमी होती.

आता हीच वीण नायलॉन आणि पॉलिस्टरमध्ये येते. छत्र्या, वाऱ्यापावसाची जाकिटं, कोटाचं अस्तर यांत ती रोज आपल्या हाताखालून जाते. रेशमी टॅफेटा शिवायचा तर सुई बारीक घ्यावी आणि टाचण्या शिलाईच्या आतल्या कडेलाच लावाव्यात. उसवलेल्या टाक्याचं भोक त्यात राहून जातं. म्हणून फिटिंग आधी साध्या सुती कापडावर पक्कं करावं आणि मगच कात्री टॅफेटाला लावावी.