वीस वर्षांचा हात, चाळीस मिनिटांची परीक्षा

पुण्यात वीस वर्षे मोटार हाकलेले आमचे मेहुणे सध्या इंग्लंडात, लेस्टरला, परीक्षार्थी आहेत! आपला परवाना तिथे राहायला गेल्यापासून १२ महिनेच चालतो. पुढे नवी परीक्षा. संगणकावरच्या ५० प्रश्नांपैकी ४३ बरोबर हवेत, ते जमले. रस्त्यावरची ४० मिनिटे मात्र कठीण. किरकोळ चुका १५ पर्यंत माफ, गंभीर एकही नाही. आरसा नुसता पाहून भागत नाही, पाहिलेला परीक्षकाला दिसावा लागतो. वर्तुळाकार चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. मेहुण्यांचा हात आधी हॉर्नवर! शिकवणारा मास्तर मुलाच्या वयाचा.

“गाडी येते हो प्रोफेसर,” फोनवर म्हणाले, “पुणं विसरायचं जमत नाही!”

नोकरी घरापासून वीस मैलांवर, आणि अकरावा महिना सरत आला आहे.