किशोरकुमारची उधार-वसुली

इंदूरच्या तुकोगंजाच्या नावात होळकरांचे तुकोजीराव आहेत. या नावाचे राजे घराण्यात एकाहून अधिक झाले. त्यांतल्या दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० च्या सुमारास चक्क इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षं, व्याज साडेचार टक्के, आणि त्या पैशातून खंडवा ते इंदूर रेल्वे बांधायची. रेल्वे झाली. पुढे १९४६ च्या सुमारास त्याच खंडव्याहून एका वकिलाचा मुलगा इंदुरात शिकायला आला आणि कॉलेजच्या कँटीनमध्ये पाच रुपये बारा आणे उधारी करून मुंबईला निघून गेला.

मुलाचं नाव आभासकुमार गांगुली, म्हणजे आपला किशोरकुमार. गायक, नट, संगीतकार, दिग्दर्शक, निर्माता आणि हिंदी सिनेमातला सर्वांत गाजलेला विक्षिप्त माणूस. पण त्याचे किस्से एकाखाली एक मांडले की लक्षात येतं, या वेडाचा हिशेब पैन्‌पैचा होता.

आणे गेले, उधारी राहिली

तुकोगंजातून रीगल चौक ओलांडून छावणीकडे गेलं की इंदूर क्रिश्चन कॉलेज लागतं. १८८७ साली कॅनडातल्या मिशनऱ्यांनी काढलेलं. वर्गात बाक वाजवणारा, चिंचेच्या झाडाखाली मैफल जमवणारा, पण स्टेजवर यायला लाजून पडद्यामागून गाणारा किशोर, अशा त्याच्या आठवणी तिथे सांगतात. कँटीनची उधारी हा त्यांतला सर्वांत लाडका किस्सा. ‘चलती का नाम गाडी’तलं ‘पांच रुपैया बारह आना’ हे गाणं त्या उधारीवरूनच सुचलं, असं म्हणतात. गंमत अशी की सिनेमा आला १९५८ मध्ये आणि दशमान नाणी सुरू झाली १ एप्रिल १९५७ ला. म्हणजे गाणं गाजलं तेव्हा आण्यांची जागा नवे पैसे घेऊ लागले होते!

तुकोजीरावांचा साडेचार टक्के दर या उधारीला लावला, तर वर्षाचं व्याज साधारण चार आणे. त्याने इंदूर सोडलं त्या १९४८ पासून तो गेला त्या १९८७ पर्यंत, या ३९ वर्षांचं सरळव्याज दहा रुपये नऊ पैसे. मुद्दलापेक्षा व्याज जड.

पंचावन्न दिवसांनी धाकट्या

किशोरचा जन्म ४ ऑगस्ट १९२९ चा, खंडव्यातला. लता मंगेशकरांचा २८ सप्टेंबर १९२९ चा, इंदुरातला. पंचावन्न दिवस आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटर एवढ्या अंतरात हिंदी सिनेमाचे दोन आवाज जन्माला आले. त्यांची पहिली गाठ मात्र मुंबईच्या लोकलमध्ये पडली. हा कोण पोरगा आपल्या डब्यात बसतो, मग टांग्यातून आपल्याच मागे येतो, थेट बॉम्बे टॉकीजच्या दारापर्यंत पोचतो, म्हणून लताबाई घाबरल्या. आत गेल्यावर संगीतकार खेमचंद प्रकाशांनी ओळख करून दिली. हा पोरगा नट अशोककुमारचा भाऊ होता आणि तोही गायलाच आला होता. सिनेमा होता ‘जिद्दी’, १९४८ चा.

पुढे मध्य प्रदेश सरकारने लता मंगेशकर सन्मान सुरू केला. त्याच्या अगदी सुरुवातीच्या मानकऱ्यांत, नौशाद यांच्यानंतर, नाव लागलं किशोरकुमारचं. बरोबरीच्या गायिकेच्या नावाचा पुरस्कार घेणारे गायक जगात फार नसतील.

आधा पैसा, आधा मेकअप

एका निर्मात्याने मानधन निम्मंच दिलं. किशोर सेटवर आला तो अर्ध्या चेहऱ्याला रंग लावून. विचारलं तर उत्तर तयार: आधा पैसा तो आधा मेकअप.

‘भाई भाई’च्या वेळी दिग्दर्शक एम. व्ही. रामन यांच्याकडे पाच हजार थकले होते. मोठा भाऊ अशोककुमार मध्ये पडला म्हणून किशोर कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. शॉट सुरू झाला की चार पावलं चालायचा, ‘पांच हजार रुपैया’ म्हणायचा आणि कोलांटी मारायचा. असं करत करत सेटचं टोक गाठलं आणि तिथून स्टुडिओबाहेर पसार.

आर. सी. तलवार या निर्मात्याकडे आठ हजार अडकले होते. वकील नाही, नोटीस नाही. रोज सकाळी त्यांच्या दारासमोर उभं राहून यमक जुळवून आरोळी: ‘हे तलवार, दे दे मेरे आठ हजार!’ पैसे मिळेपर्यंत आरोळी चालू.

कुत्र्यापासून नव्हे, किशोरपासून सावधान

वॉर्डन रोडवरच्या फ्लॅटच्या दारावर त्याने पाटी लावली होती, ‘किशोरपासून सावधान’. दिग्दर्शक एच. एस. रवैल थकलेले पैसे द्यायला आले. किशोरने ते नीट घेतले. निघताना रवैलनी हात पुढे केला, तर हा त्या हाताला कडकडून चावला. वर विचारलं, पाटी वाचली नाहीत का?

कोर्टाचा हुकूम, शब्दशः

एका निर्मात्याने कोर्टातून हुकूम आणला की किशोरने दिग्दर्शकाचं ऐकलंच पाहिजे. किशोर ऐकायला लागला. ‘उतर’ असं दिग्दर्शक म्हणेपर्यंत गाडीतून उतरेना. मग गाडी चालवण्याचा एक शॉट होता आणि दिग्दर्शक ‘कट’ म्हणायला विसरला. किशोर गाडी हाकत थेट खंडाळ्याला पोचला.

निर्माते जी. पी. सिप्पी यांची तऱ्हा उलटी झाली. त्यांना पाहताच किशोरने गाडी पळवली, त्यांनी मढपर्यंत पाठलाग केला. तिथे किशोरने त्यांना ओळखच दाखवली नाही, उलट पोलिसांना बोलावीन म्हणाला. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगला वेळेवर हजर. सिप्पी चिडले तर म्हणतो कसा, स्वप्न पडलं असेल तुम्हाला, मी तर काल खंडव्याला होतो.

जनार्दन, रघुनंदन आणि बुद्धुराम

१९८५ मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’चे संपादक प्रीतीश नंदी मुलाखतीला गेले, तेव्हा किशोरने बागेतल्या झाडांना जनार्दन, रघुनंदन, गंगाधर, बुद्धुराम अशी नावं असल्याचं सांगितलं. माणसांपेक्षा हे मित्र बरे, असं त्याचं म्हणणं. इन्कम टॅक्सच्या जुन्या फायलींचाही त्याने उपयोग शोधला होता: उंदीर त्या कुरतडतात आणि पटापट मरतात!

भर उन्हाळ्यात थ्री-पीस सूट घालून आलेल्या एका इंटिरिअर डेकोरेटरची गोष्टही त्याच मुलाखतीतली. किशोरने त्याला दिवाणखान्याची कल्पना सांगितली. फरशीवर काही फूट पाणी, सोफ्यांऐवजी होड्या, भिंतीवर चित्रांऐवजी जिवंत कावळे, छताला पंख्यांच्या जागी वारा सोडणारी माकडं. डेकोरेटर जो पळाला तो परतला नाही.

स्वतःच अख्खा स्टुडिओ

वेड पांघरून किशोरने एक गोष्ट मिळवली: नको असलेल्या कामातून सुटका. हवं ते काम मात्र तो पदरचे पैसे घालून करायचा. ‘दूर गगन की छांव में’ (१९६४) या सिनेमाची निर्मिती, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका सगळं त्याचंच, आणि पडद्यावरचा मुलगाही घरचाच, अमितकुमार. विनोदी नट म्हणून पैसे मिळत असताना त्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकाची आणि मुक्या मुलाची गोष्ट निवडली.

‘हाफ टिकट’ (१९६२) मधलं द्वंद्वगीत लताबाई मिळाल्या नाहीत म्हणून त्याने एकट्याने गायलं, बाईचा आवाजही आणि पुरुषाचाही. संगीतकार सलील चौधरी. उलट ‘रागिनी’ आणि ‘शरारत’ या सिनेमांत पडद्यावर किशोर आहे आणि एकेका गाण्याला आवाज आहे मोहम्मद रफींचा. जोडीला योडलिंग, म्हणजे आवाजाच्या कोलांट्या. तेही कुठल्या गुरूकडून नव्हे, तर भाऊ अनूपकुमारकडच्या जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टनच्या तबकड्यांवरून उचललेलं. शास्त्रीय तालीम त्याने घेतलीच नव्हती.

नकाराची किंमत

१९७६ मध्ये, आणीबाणीत, काँग्रेसच्या मुंबईतल्या मेळाव्यात गायला किशोरने नकार दिला. ४ मे पासून त्याची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवर बंद झाली, ती आणीबाणी उठेपर्यंत. त्या काळी रेडिओ हाच गाण्याचा बाजार होता, म्हणजे हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत महागडा नकार. निर्मात्यांना वेडेपणाचं सोंग दाखवून चकवणाऱ्या माणसाने इथे सोंग घेतलं नाही, सरळ नाही म्हटलं.

फुकट खातं

आता दुसरी बाजू. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’साठी तो रवींद्रसंगीत गायला आणि एक पैसा घेतला नाही. अडचणीत सापडलेले बिपिन गुप्ता ‘दाल में काला’ काढत होते, त्यांना वीस हजार रुपये दिले. राजेश खन्ना ‘अलग अलग’चा निर्माता झाला, तेव्हा त्याच्याकडूनही मानधन नाही. म्हणजे प्रश्न पैशाचा कधी नव्हताच. ठरवून बुडवणाऱ्याला तो सोडायचा नाही आणि अडलेल्याकडे मागायचा नाही.

हुकलेला ‘आनंद’

एका बंगाली आयोजकाशी पैशावरून वाजलं होतं. ‘तो बंगाली आला तर हाकलून दे’, असं त्याने दारावरच्या माणसाला बजावून ठेवलं. आले हृषीकेश मुखर्जी, ‘आनंद’ची भूमिका घेऊन. बंगालीच ते! हाकलले गेले. भूमिका पुढे राजेश खन्नाला मिळाली. किशोरच्या हिशेबातली ही सर्वांत मोठी तूट.

रशोकि रमाकु

आपलं नाव उलटं वाचून तो स्वतःची अशी ओळख करून द्यायचा. स्टेजवर मात्र ओळख सुलटी: श्रोत्यांतल्या दादा-दादी, नाना-नानी सगळ्यांना रामराम आणि रामराम घालणारा कोण, तर ‘खंडवेवाला’. मुंबईने नाव दिलं, बंगला दिला, तरी पत्ता त्याने खंडव्याचाच सांगितला. १३ ऑक्टोबर १९८७ ला, नेमक्या अशोककुमारच्या वाढदिवशी तो गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कारही खंडव्यालाच झाले.

आणि मराठी?

फार थोडी गाणी, पण त्यांतलं एक घराघरांत. ‘गंमत जंमत’ (१९८७) मधलं ‘अश्विनी ये ना’. दिग्दर्शक सचिन, गीत शांताराम नांदगावकर, संगीत अरुण पौडवाल, सोबत अनुराधा पौडवाल. किस्सा असा सांगतात की मराठीतला ‘ळ’ आणि ‘च’ जिभेवर बसत नाही, म्हणून किशोर नाही म्हणत होता. मग ती अक्षरं टाळून गाणं लिहून घेतलं गेलं. साठीला टेकलेला गायक पडद्यावरच्या चाळिशीच्या नायकासाठी असा काही खट्याळ गायला, की ऑर्केस्ट्रावाल्यांना हे गाणं आजही वगळता येत नाही. वगळलंच तर श्रोते वसूल करून घेतात.