वधू-वर पुस्तिका आणि आपली खासगी माहिती



यंदाच्या वधू-वर पुस्तिकेची पीडीएफ मंडळाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर का टाकली नाही, असे अनेक सभासदांनी विचारले. काहींनी थोडे रागावूनही विचारले: "सगळी आपलीच माणसं आहेत, लपवायचं काय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

गेल्या दिवाळीनंतर आपल्या एका सभासद भगिनींना फोन आला. बोलणाऱ्याला त्यांच्या मुलीचे नाव, शिक्षण, जन्मवेळ, गोत्र, इतकेच काय, मामांचे आडनावही ठाऊक होते. मुलगा लंडनला असतो, स्थळ पसंत आहे, असे तो अस्खलित मराठीत म्हणाला. पंधरा दिवस गोड बोलणे झाले. मग मुलाने पाठवलेली भेटवस्तू दिल्लीला कस्टम्समध्ये अडकली असून ती सोडवायला पैसे भरा, असा निरोप आला. ताईंनी पुण्यातल्या मुलाला विचारले, म्हणून पैसे वाचले. पण मुलगी इतकी बिचकली की तिने पुस्तिकेतून नाव काढायला सांगितले. फोन करणाऱ्याला माहिती कुठून मिळाली हे सिद्ध करता येणार नाही. मात्र त्याने सांगितलेला प्रत्येक तपशील पुस्तिकेतल्या तिच्या पानावर होता.

पुस्तिका आपल्याकडे अनेक वर्षे निघते. मग आताच काय बदलले? छापील पुस्तिका घरातल्या कपाटात राहत असे. फार तर इंदूरहून देवासला, उज्जैनला नातेवाइकांकडे जाई, आणि कोणी नेली ते कळत असे. पीडीएफ एकदा पाठवली की तिच्या किती प्रती झाल्या आणि त्या कोणाकडे गेल्या, याचा हिशेब राहत नाही. लग्न ठरल्यावरही मुलीचा फोटो आणि नंबर वर्षानुवर्षे फिरत राहतात.

"व्हॉट्सअ‍ॅप तर सुरक्षित आहे ना?" असेही विचारले जाते. व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ साली संदेशांना पूर्ण कूटबद्धता दिली, हे खरे. त्याचा अर्थ इतकाच की संदेश वाटेत कोणाला वाचता येत नाही. पोहोचल्यावर तो घेणारा पुढे कोणाला पाठवतो, यावर त्याचा काहीही ताबा नसतो. ग्रुपमध्ये शेकडो माणसे असतील, तर तितकी दारे उघडी आहेत असे समजावे.

आता पुस्तिकेत आपण काय छापतो ते पाहू. पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल नंबर, नोकरी, उत्पन्न आणि मामकुळ. स्थळ बघताना हे सारे लागतेच. पण अनेक बँका ई-मेलने जो खाते-उतारा पाठवतात, त्याचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्माचा दिवस-महिना असा असतो. आईचे माहेरचे आडनाव हा तर ओळख पटवण्यासाठी विचारला जाणारा जुनाच प्रश्न. म्हणजे आपले मामकुळ हे कोणासाठी तरी कुलपाची किल्ली होऊ शकते.

कायद्याचीही बाजू आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. आपण घरगुती कामासाठी नातेवाइकांचे नंबर जपून ठेवतो, त्याला हा कायदा लागू नाही. पण ती सूट व्यक्तीला आहे, संस्थेला नाही. संस्थेने माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यावी, त्याच कामासाठी ती वापरावी, आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी, असे हा कायदा सांगतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. म्हणून बक्षीस समारंभाच्या फोटोंबाबतही आम्ही आता विचारणार आहोत.

पुस्तिका बंदच करावी, असे काही तरुण सभासदांचे म्हणणे होते. आम्हाला ते पटले नाही. होळकरांच्या काळापासून इथे राहणाऱ्या आपल्या घरांना मराठी स्थळ शोधणे सोपे नाही, आणि मोठ्या विवाहस्थळांचे शुल्क सर्वांना परवडत नाही. पुस्तिकेने जुळवलेले संसार आपल्या डोळ्यांसमोर आहेत. म्हणून मधला मार्ग काढला आहे.

पुस्तिकेत आता नोंदणी क्रमांक, पहिले नाव, जन्मवर्ष, शिक्षण, व्यवसाय आणि शहर एवढेच असेल. स्थळ आवडल्यास मंडळाच्या कार्यालयात क्रमांक कळवावा. समोरच्या कुटुंबाने होकार दिला की फोटो, पत्रिका आणि फोन नंबर त्या दोघांनाच मिळेल. अर्जावर पालकांबरोबर मुलाची किंवा मुलीची स्वतःची सही हवी. लग्न ठरल्याचे कळवल्यावर नोंद काढून टाकली जाईल. यात चार दिवस जास्त लागतील, कार्यालयातल्या स्वयंसेवकांचे कामही वाढेल; तरी ते हौसेने तयार झाले आहेत.

तीन गोष्टी घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून सांगाव्यात. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कोणत्याही कायद्यात नाही. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

ज्यांच्याकडे जुन्या पुस्तिकांच्या पीडीएफ असतील त्यांनी त्या कृपया काढून टाकाव्यात, पुढे पाठवू नयेत. आपलीच माणसे आहेत, म्हणूनच त्यांच्या लेकीबाळींची माहिती जपायची आहे.