दारूतले विष जिभेला कळत नाही

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात गावठी दारू पिऊन शंभरहून जास्त माणसे दगावली. बहुतेक हातावर पोट असणारी. त्या दारूत मिथेनॉल होते. हे कारखान्यात वापरायचे रसायन, पिण्याचे नव्हे. पिणाऱ्यांना ते कळले का नाही?

आपल्या नरडाण्याकडेही दारू ‘चांगली’ आहे का, हे काडी लावून बघणारे आहेत. पेटली म्हणजे अस्सल! पण पेटली याचा अर्थ एवढाच, की पाणी कमी आहे. दारूतले इथेनॉल आणि विषारी मिथेनॉल, दोन्ही निळसर ज्योतीने जळतात. वास-चवीवरूनही खात्री होत नाही. दारूची तीव्रता मोजणारे हायड्रोमीटर घनता बघते. या दोघांचीही घनता सुमारे ०.७९. म्हणजे तेही फसते.

खरी तपासणी प्रयोगशाळेत होते. गॅस क्रोमॅटोग्राफी यंत्रात नमुन्याची वाफ लांब, बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो. त्यावरून मिथेनॉल आहे का आणि किती, दोन्ही कळते. असे यंत्र अड्ड्यावर नसते.

मात्र लक्षणे घरी ओळखता येतात. मिथेनॉलपासून शरीरात फॉर्मिक आम्ल तयार होते. ते डोळ्यांच्या नसेवर घाव घालते. शुद्ध मिथेनॉल दोन चहाचे चमचे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. त्रास बहुधा १२ ते २४ तासांनी सुरू होतो: पोटदुखी, उलट्या, डोके दुखणे, धुरकट दिसणे, जोरजोराचा श्वास. नशा उतरल्यावर असे झाले तर ती साधी उतरणीची डोकेदुखी समजू नका.

बायांनो, ‘झोपला की उतरेल’ म्हणून थांबू नका. ताक, लिंबू, आणखी दारू, काहीही पाजू नका. १०८ ला फोन करा, धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात न्या आणि काय, कधी प्यायला ते स्पष्ट सांगा. तिथे विषावर उतारा देता येतो, गरज पडल्यास डायलिसिस करतात. त्याच दारूतले प्यायलेल्या इतरांनाही न्या, ठणठणीत दिसत असले तरी. उरलेली दारू बाटलीसकट जपून ठेवा, तपासणीला लागते.

पंचशील घेतलेल्या घरात हे सांगायची लाज वाटते, ठाऊक आहे. पाचवे शील पाळणे हाच खात्रीचा बचाव. पण ज्याच्याकडून ते मोडले, त्याचे डोळे आणि जीव लाजेपायी जाऊ देऊ नका.