पफबॉल कवके : पारंपरिक उपयोग आणि जैवतंत्रज्ञानातील शक्यता

प्रस्तावना

पफबॉल ही चेंडूच्या आकाराची कवके कुरणांत व जंगलांत जमिनीवर उगवतात. छत्रीसारख्या अळंबीत बीजाणू छत्रीखालील पडद्यांवर तयार होतात, तर पफबॉलमध्ये ते फलकायेच्या आतच निर्माण होतात. कोवळेपणी आतील गर पांढरा व घट्ट असतो; पक्व झाल्यावर त्याची तपकिरी भुकटी होते. 'कॅल्व्हेशिया जायगँशिया' या महाकाय जातीच्या एका फलकायेत सुमारे 7 लाख कोटी बीजाणू असतात, असा अंदाज बुलर यांनी 1909 मध्ये मांडला होता.

पारंपरिक उपयोग

पफबॉलचा उपयोग त्याच्या अवस्थेवर ठरतो. अनेक देशांत खाद्य जातींचा कोवळा गर शिजवून खातात. पक्व भुकटी कोरडी व शोषक असल्याने युरोपात आणि उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी समाजांत ती रक्तस्राव थांबविण्यासाठी जखमेवर वापरली जात असे. पोळ्यातील मधमाश्या शांत करण्यासाठी तिचा धूर केला जाई. चिनी वैद्यकात 'मा बो' या नावाने ती घशाचे विकार, खोकला व रक्तस्राव यांवर दिली जाते.

जैवतंत्रज्ञानातील शक्यता

1960 मध्ये अमेरिकी संशोधकांनी महाकाय पफबॉलपासून मिळविलेल्या 'कॅल्व्हासिन' या अर्बुदरोधी प्रथिनयुक्त पदार्थाची नोंद केली. 1970 च्या दशकात कॅल्व्हेशियाच्या जातींतून 'कॅल्व्हेटिक आम्ल' हे प्रतिजैविक वेगळे करण्यात आले. तथापि प्राण्यांवरील प्रयोगांतील परिणाम म्हणजे मानवी औषध नव्हे. शिवाय फलकायेची नियंत्रित लागवड अवघड असून प्रत्येक वाणाचे रासायनिक घटक सारखे नसतात. किण्वनपात्रातील द्रव माध्यमात कवकजाल वाढविणे हा एक पर्याय आहे. मात्र फलकायेतील संयुग कवकजालात निर्माण होतेच असे नाही. त्याची वाणनिहाय तपासणी आवश्यक ठरते.

सुरक्षितता

परंपरा हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. 1994 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात बीजाणू श्वासावाटे शरीरात गेल्याने 8 तरुणांना श्वसनविकार जडला. विषारी अमॅनिटाची कोवळी कळी पफबॉलसारखीच दिसते. उभा छेद घेतल्यास मात्र तीत छत्री व दांड्याची आकृती आढळते. पफबॉलचा गर एकजिनसी असतो. 'स्क्लेरोडर्मा' या विषारी कवकाचा गर लवकरच जांभळट-काळा होतो. गर पांढरा दिसला एवढ्यावरून मात्र खाद्यतेचा निर्णय करू नये. जातीची तज्ज्ञांकडून ओळख पटणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

पफबॉलच्या पारंपरिक ज्ञानाची नोंद घेताना जातीची अचूक ओळख, फलकायेची अवस्था आणि वापराची पद्धत या तिन्ही बाबी लिहून ठेवणे अगत्याचे आहे. त्यांवाचून लोकज्ञानाची प्रयोगशाळेत पडताळणी होऊ शकत नाही.