गेलेली लेक परत येते तेव्हा...

चिलया बाळाची गोष्ट आपण आजीकडून ऐकलीच असेल. 'शिवलीलामृता'तली चांगुणा अतिथी बनून आलेल्या शंकरासाठी पोटचं पोर मारते, त्याचं डोकं गाणं म्हणत उखळात कांडते. शेवटी तिने हाक मारताच बाळ धावत येतो. गोष्ट संपते. पण समजा, परत आलेल्या बाळाने विचारलं असतं, "आई, मला मारलंस का?" तर?

टोनी मॉरिसन या अमेरिकन कृष्णवर्णीय लेखिकेची 'बिलव्हेड' (१९८७) ही कादंबरी याच प्रश्नावर उभी आहे. तिला १९८८ चं पुलित्झर मिळालं, पुढे १९९३ मध्ये लेखिकेला नोबेल. मूळ घटना खरी आहे. १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही गुलाम बाई गोठलेली ओहायो नदी ओलांडून मुलाबाळांसह पळाली. पकडायला माणसं आली तेव्हा तिने स्वतःच्या चिमुकल्या मुलीला मारलं. का? तर पोरगी गुलामीत परत जाऊ नये म्हणून!

कादंबरीतली सेथ हेच करते. अठरा वर्षांनी तिच्या दारात एक तरुणी येते. नाव सांगते बिलव्हेड, म्हणजे लाडकी. लेकीच्या थडग्यावर कोरलेला शब्दही हाच!

यालाच म्हणतात जादुई वास्तववाद. आपण गणितात 'क्ष' मानतो ना, तसंच. एक अशक्य गोष्ट मानायची आणि पुढचं सगळं अगदी खरं लिहायचं. ही मेलेली लेक साखर मागते, हट्ट करते, आईला सोडत नाही. सेथ काम सोडून तिच्यापुढे नुसते खुलासे देत बसते. लेक फुगत जाते, आई वाळत जाते. हे घाबरवण्यासाठी नाही. आईला जे दुःख बोलता आलं नाही, त्यालाच हातपाय फुटले आहेत.

मग सुटका कशी होते? धाकटी मुलगी डेन्व्हर घराबाहेर पडून मदत मागते. शेजारणी ताटं आणून ठेवू लागतात, आणि एक दिवस सगळ्या जणी दारात जमून गातात. इथे मला आपलं ब्रह्मपुरी आठवलं. ज्या घरी मयत झाली तिथे चूल पेटत नाही, शेजारी डबा घेऊन जातात. दुःख एकट्या घराला पेलत नाही, हे आपल्या बायांना कादंबरी न वाचताही कळतं.

सबमिशनं आटोपली की नक्की वाचा. आणि वाचून झाल्यावर घरी आईला एक फोन करा!